‘कसं चाललंय?’ याचं मोजमाप

[दृश्य: तपासणीची खोली. एक हात, अगदी जवळून. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटताहेत.]

अंगठा आणि तर्जनी. जितकी मोठी जमेल तितकी मोठी उघडझाप, जितक्या वेगानं जमेल तितक्या वेगानं, दहा वेळा. पार्किन्सनच्या तपासणीत हे करायला लावतातच. हालचाल मध्येच अडखळते का, उघडझाप हळूहळू लहान होत जाते का, याकडे डॉक्टरांचं लक्ष असतं. मग ते शून्य ते चारमधला एक आकडा लिहितात. पुढे पाय आपटायचा, हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायचं, चालून दाखवायचं. प्रत्येक गोष्टीला एक आकडा.

या आकड्यांचं मोल कमी नाही. औषध लागू पडतंय का, आजार पुढे सरकतोय का, हे त्यांच्यावरूनच कळतं. पण याच माणसापुढे एक कागद ठेवा. त्यावर प्रश्न आहे: गेल्या महिन्याभरात, पार्किन्सनमुळे, चारचौघांत खाणंपिणं तुम्ही किती वेळा टाळलंत? उत्तरासाठी पाच चौकटी आहेत: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी. त्यानं ‘नेहमी’वर खूण केली, तर आपल्याला असं काही कळलं जे बोटांच्या उघडझापीत कुठेच दिसत नव्हतं.

[दृश्य: कागदावर पेन. खूण करताना रेघ चौकटीबाहेर जाते.]

हा प्रश्न ‘पीडीक्यू-३९’ नावाच्या प्रश्नावलीतला आहे. एकूण 39 प्रश्न. 1990च्या दशकात ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी ती तयार केली आणि त्यासाठी सुरुवात केली ती पार्किन्सन असलेल्या माणसांच्या सविस्तर मुलाखतींपासून. म्हणूनच तिच्यात चालणं-फिरणं, शर्टाची बटणं, अंगदुखी हे तर आहेच, पण चार प्रश्न निव्वळ संकोचाबद्दल आहेत. आजार लोकांपासून लपवावा लागतो असं वाटलं का? चारचौघांत ओशाळल्यासारखं झालं का? डॉक्टरांनी आपल्या मनानं यादी केली असती, तर हे प्रश्न तिच्यात आले असते असं मला वाटत नाही. तपासणीच्या खोलीत माणूस कोणापासून काही लपवत नसतो. लपवणं सुरू होतं ते खोलीबाहेर पडल्यावर.

मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांसाठी मोजपट्ट्या नव्हत्या असं नाही. पार्किन्सनच्या पाच पायऱ्या मार्गारेट होन आणि मेल्विन यार यांनी 1967मध्येच मांडल्या. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण खराब होत जाणारा आजार. त्याच्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट कुर्ट्झके यांची शून्य ते दहा अशी पट्टी 1983पासून आजच्या रूपात वापरात आहे. ही पट्टी चारच्या पुढे गेली की मुख्यतः एकच विचारते: माणूस किती अंतर चालू शकतो आणि कशाच्या आधारानं. आता असा रुग्ण डोळ्यांपुढे आणा, जो व्यवस्थित चालतो, पण दुपारपर्यंत इतका गळून जातो की वाक्य पूर्ण करायचंही त्राण उरत नाही. हा थकवा मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या तक्रारींपैकी एक आहे. नोकरी सुटते ती पुष्कळदा त्याच्यामुळेच. चालण्याच्या पट्टीवर मात्र हा माणूस ठणठणीतच दिसतो.

यात पट्टी बनवणाऱ्यांची चूक नाही. त्यांना आजार मोजायचा होता, तो त्यांनी मोजला. पण हे आजार मुळासकट बरे होणारे नाहीत. ते वर्षानुवर्षं सोबत राहतात. न्यूमोनियाचा रुग्ण बरा होऊन घरी गेला की उपचार यशस्वी झाले. पार्किन्सन, अपस्मार, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्मृतिभ्रंश, पक्षाघातानंतरचं आयुष्य, यांत यश कशाला म्हणायचं? माणूस कसा जगतोय हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

[दृश्य: वेगवेगळ्या प्रश्नावल्यांची पानं, एकापाठोपाठ एक.]

जगण्याच्या दर्जाची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या लांबलचक आहे. तिचा गाभा इतकाच: माणूस ज्या समाजात, ज्या मूल्यांमध्ये वाढला, आणि त्याच्या ज्या अपेक्षा आणि काळज्या आहेत, त्या सगळ्यांच्या संदर्भात स्वतःची स्थिती त्याला स्वतःला कशी वाटते. संघटनेच्या 26 प्रश्नांच्या छोट्या प्रश्नावलीत झोप आहे, पैसा आहे, प्रवासाची सोय आहे, लैंगिक आयुष्यही आहे. यातली शेवटची गोष्ट न्यूरॉलॉजीच्या बाह्यरुग्ण विभागात एरवी कोण विचारतं?

सगळ्या आजारांसाठी चालतील अशाही प्रश्नावल्या आहेत. ‘एसएफ-३६’ त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. वेगवेगळ्या आजारांची तुलना करायला ती उपयोगी पडते. पण धावणं किंवा जड वस्तू उचलणं तुम्हाला कितपत जमतं, असं ती विचारते. वर्षानुवर्षं चाकाच्या खुर्चीत असलेल्या माणसापुढे हा प्रश्न ठेवायचा, पुढे जिन्याबद्दल विचारायचं, मग वाकण्याबद्दल. माहिती काहीच मिळत नाही, वर समोरच्याला दुखावल्यासारखं होतं. म्हणून प्रत्येक आजाराची आपली प्रश्नावली असावी, या मताची मी आहे, मग तुलना थोडी अवघड झाली तरी चालेल. ‘न्यूरो-क्यूओएल’ या अमेरिकी प्रकल्पानं मधला मार्ग काढला. वेगवेगळ्या मज्जासंस्थेच्या आजारांसाठी प्रश्नांचा एक मोठा साठा तयार केला आणि आधीचं उत्तर पाहून पुढचा प्रश्न संगणकानं निवडायचा. त्यामुळे थोड्याच प्रश्नांत काम होतं. थकलेल्या माणसासाठी ही सोय मोठी आहे.

विचारायला लागल्यावर काय हाती आलं? पार्किन्सनच्या रुग्णांची अनेक देशांत एकत्र केलेली एक पाहणी 2002मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णारुग्णांच्या जगण्याच्या दर्जात जो फरक होता, त्यातला पाचवा हिस्सासुद्धा आजाराची पायरी आणि औषधं यांच्यावरून उलगडला नाही. सर्वांत मोठा वाटा होता उदासीचा. ही उदासी पार्किन्सनमध्ये फार सहज नजरेतून निसटते. आजारानं चेहऱ्यावरचे भाव आधीच मंदावलेले असतात, हालचाल संथ झालेली असते, आवाज खाली गेलेला असतो. मन खचल्याची जी लक्षणं एरवी बाहेरून दिसतात, ती सगळी आजाराच्या खाती जमा होतात. आणि उदासीवर उपचार आहेत, म्हणून ही निसटलेली गोष्ट मला जास्त टोचते.

अपस्माराचंही असंच. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, महिन्याला किती फिट्स आल्या? तो विचारलाच पाहिजे. पण बहुतेक फिट्स दोनेक मिनिटांत ओसरतात. बाकीचा महिना माणूस काढतो तो पुढची कधी येईल या धास्तीत, गाडी चालवायची नाही या बंधनात आणि औषधानं जड झालेल्या डोक्यासह. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात फिट्सच्या संख्येपेक्षा उदासी आणि औषधांचे दुष्परिणाम यांचा जगण्याच्या दर्जाशी जवळचा संबंध असल्याचं अभ्यासांत दिसून आलं आहे.

[दृश्य: डोळे, अगदी जवळून. पापण्यांची उघडझाप. समोर अक्षरांचा तक्ता.]

आता एक टोकाचं उदाहरण. मेंदूच्या खोडाला इजा झाल्यामुळे सगळं शरीर लुळं पडलेलं, जाणीव मात्र शाबूत. याला ‘लॉक्ड-इन’ अवस्था म्हणतात. सहसा फक्त डोळे वरखाली करता येतात, पापण्या हलवता येतात. 2011मध्ये अशा माणसांची फ्रान्समधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. 168 जणांना प्रश्नावली पाठवली होती. 65 जणांची उत्तरं अभ्यासात घेता आली.

त्यांना विचारण्याची रीत पाहा. आजाराच्या आधीचा तुमच्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ आठवा, तो अधिक पाच. सर्वांत वाईट काळ आठवा, तो उणे पाच. आता गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही या पट्टीवर कुठे आहात? पट्टी दुसऱ्या कोणाची नाही, ज्याची त्याची आहे.

65पैकी 47 जणांनी आपण सुखी असल्याचं सांगितलं. 18 जणांनी नाही म्हटलं.

हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, काहींचा विश्वासच बसत नाही. उत्तर पाठवणारे मुळातच जरा बऱ्या मनःस्थितीतले असतील ही शक्यता आहे, आणि ती अभ्यासकांनाही माहीत आहे. त्या 18 जणांवरून नजर हलवणंही बरोबर नाही. त्यांचं दुःख जोडलेलं होतं ते मनातल्या चिंतेशी, बाहेर पडता न येण्याशी, विरंगुळा नसण्याशी, बोलणं परत न येण्याशी. यांतल्या कितीतरी गोष्टींवर काही ना काही करता येतं. शिवाय त्या अवस्थेत जितका काळ जास्त गेलेला, तितकी सुखी असण्याची शक्यता जास्त होती.

मोजणाऱ्यांची खरी अडचण इथे सुरू होते. माणसं बदलतात. आधी ज्याला सुख म्हणत होती, त्याची जागा दुसऱ्या कशानं तरी भरून काढतात. वर्षभरापूर्वी सत्तर गुण होते, आजही सत्तर आहेत, पण दरम्यान पट्टीच सरकली असेल तर? संशोधक यावर डोकं खपवतात, आणि खपवायलाच हवं, कारण औषधाचा परिणाम तपासताना हा घोळ महागात पडतो. मात्र रुग्णानं स्वतःची समजूत घातली आहे, ते सुख खरं नाही, असं कोणी म्हणू लागलं की मला ते मान्य होत नाही. जुळवून घेऊन मिळालेलं समाधान हेही समाधानच आहे.

याचे परिणाम साधे नाहीत. अनेक देशांत एखाद्या उपचारावर किती पैसा खर्चायचा हे ठरवताना पूर्ण आरोग्याला एक आणि मृत्यूला शून्य असा भाव लावतात. मधल्या अवस्थांचे भाव बहुतेक वेळा सर्वसाधारण लोकांना विचारून ठरवले जातात. अमुक अवस्थेत तुम्ही असता तर, अशी कल्पना करा, असं त्यांना सांगतात. काही अवस्थांना लोक शून्याच्याही खाली टाकतात, म्हणजे मरणापेक्षा वाईट. ज्यांनी ती अवस्था पाहिलेलीही नाही, त्यांनी लावलेला हा भाव. त्या अवस्थेत जगणाऱ्यांचं उत्तर त्यापेक्षा वरचं येतं, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

[दृश्य: टेबलावर एकाच प्रश्नावलीच्या दोन प्रती. दोन खुर्च्या.]

स्मृतिभ्रंशात तर उत्तर कोणाचं घ्यायचं इथूनच प्रश्न असतो. एक प्रश्नावली आहे, अवघ्या 13 बाबींची: तब्येत, उत्साह, मनःस्थिती, स्मरणशक्ती, घरची माणसं, पैसा. ती रुग्णालाही देतात आणि त्याला सांभाळणाऱ्यालाही. सांभाळणाऱ्याचे गुण सहसा खाली येतात. तो खोटं सांगत नसतो. रात्रीची जागरणं त्याची, काळजी त्याची. स्वतः जितका तो खचलेला, तितकं रुग्णाचं आयुष्यही त्याला उदास दिसतं. म्हणून त्याच्या उत्तरानं रुग्णाचं उत्तर झाकून टाकू नये. मध्यम टप्प्यापर्यंतचे बरेच रुग्ण स्वतःबद्दल भरवशाचं उत्तर देऊ शकतात, फक्त प्रश्न वाचून दाखवावा लागतो आणि वेळ द्यावा लागतो. सांभाळणाऱ्याच्या खचण्याची दखल वेगळी घ्यायला हवी. त्याच्यासाठीही स्वतंत्र प्रश्नावल्या आहेत.

मला सर्वांत जवळची वाटते ती आयर्लंडमध्ये तयार झालेली पद्धत. तिच्यात तयार प्रश्नच नाहीत. तुमच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या पाच गोष्टी तुम्हीच सांगायच्या, त्या सध्या कशा चालल्या आहेत तेही सांगायचं, आणि रंगीत चकत्या फिरवून कशाला किती वजन ते दाखवायचं. एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायूंची ताकद महिन्यागणिक ओसरत जाते, तरी या पद्धतीनं विचारलं तेव्हा ताकद आणि जगण्याचा दर्जा यांचा ठळक संबंध आढळला नाही. अशा माणसांनी सांगितलेल्या पाच गोष्टींत घरची माणसं बहुधा असतातच. पद्धत वेळखाऊ आहे, हे खरं.

[दृश्य: डॉक्टरांचं टेबल. फाइल उघडली जाते.]

एवढं विचारून झाल्यावर त्या कागदाचं काय होतं? पुष्कळदा तो संशोधनाच्या संचात जातो आणि रुग्णाला त्याचा काहीच उपयोग होत नाही. 2004मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात अपस्माराच्या रुग्णांकडून औषधांच्या दुष्परिणामांची प्रश्नावली भरून घेतली. ज्यांना जास्त त्रास होत होता, त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाच्या डॉक्टरांना तो भरलेला कागद दाखवला, दुसऱ्या गटाच्या डॉक्टरांना नाही. ज्यांच्या हाती कागद पडला, त्यांनी औषधं किंवा डोस कितीतरी जास्त वेळा बदलले आणि त्यांच्या रुग्णांचे दुष्परिणाम जास्त कमी झाले. त्यांना जास्तीचं मिळालं होतं ते एवढंच: रुग्णानं काय लिहिलंय याची माहिती.

तेव्हा प्रश्नावली भरली असेल तर डॉक्टरांना थेट विचारा, तुम्ही ही वाचलीत का? एकूण गुणांवर थांबू नका, ‘नेहमी’ची खूण कुठे कुठे आहे ते दाखवा. हात थरथरत असेल तर दुसऱ्यानं खूण करायला हरकत नाही, उत्तर मात्र ज्याचं त्यानंच द्यावं. पार्किन्सनमध्ये औषधाचा अंमल चढतो-उतरतो, म्हणून प्रश्नावली कोणत्या वेळी भरली तेही कोपऱ्यात लिहून ठेवा.