जखमेतले क्षार

[दृश्य: ऑक्टोबर महिना. अकोला जिल्ह्यातलं वावर. सोयाबीनची सोंगणी.]

डाव्या मुठीत झाड, उजव्या हातात विळा. सोंगणी करता करता मूठ जराशी सैल पडली की पातं थेट तर्जनीवर येतं. वावरात मलमपट्टी नसते, तंबाखूसोबतची चुन्याची डबी मात्र असतेच. मग घावावर चुना लागतो.

चुन्यात कॅल्शियम असतं आणि रक्त गोठायलाही कॅल्शियमच लागतं. दोन्ही खरं. तरीही जखमेवर चुना लावू नका.

रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम मोकळ्या आयनांच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांच्या रूपात फिरत असतं. कातडी कापली की रक्त गोठवणारी प्रथिनं हे आयन धरून प्लेटलेटच्या, म्हणजे गुठळी धरणाऱ्या रक्तकणिकांच्या पृष्ठभागावर बसतात. आयन नसतील तर ती तिथे टिकतच नाहीत. रक्तपेढीच्या पिशवीत सायट्रेट घालतात ते यासाठीच. सायट्रेट कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून पिशवीतलं रक्त गोठत नाही. म्हणजे हवं तेवढं कॅल्शियम घावातून वाहणाऱ्या रक्तातच आहे. चुन्यातून त्याच्यासोबत हायड्रॉक्साइडही येतं. ओल्या चुन्याचा सामू (pH) त्यामुळे १२ च्या वर, म्हणजे तीव्र अल्कलीचा असतो. तो कडेच्या जिवंत पेशी भाजून मारतो, आणि विळ्याचा सरळ, अरुंद घाव रुंद होऊन बसतो.

स्वच्छ कापडाची घडी घावावर ठेवून १० मिनिटं दाबून धरा, हात वर ठेवा. थांबलं का, हे बघायला मधेच घडी उचलू नका. नुकती धरलेली गुठळी तिच्यासोबत निघून येते. १० मिनिटांनीही रक्त थांबलं नाही, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर दवाखाना गाठा. घावात माती किंवा शेण गेलं असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं झाली असतील, तर ते त्याच दिवशी घ्या.

[दृश्य: पूर्णा नदीचा काठ. बोअरवेलचं पाणी, भांड्यावरचा पांढरा थर.]

जखम धुवायला उकळून गार केलेलं पिण्याचं पाणी पुरतं. सलाइन करायचं तर १ लिटरला ९ ग्रॅम मीठ, तेही मोजून. पण अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात हे माप चुकतं, कारण इथलं पाणी आधीच खारट आहे. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार मात्र भांड्यातच राहतात, पाणी आटेल तसे दाट होतात. अशा पाण्यात आणखी मीठ पडलं की ते पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि पेशी आकसतात. तिथे गोडं पाणीच घ्या.

पहिल्या काही दिवसांत जखमेच्या द्रवात मॅग्नेशियम वाढतं, कॅल्शियम कमी होतं. या बदलानं कडेच्या पेशींची पकड सैल होते आणि त्या आत सरकू लागतात. पुढे कॅल्शियम परत आलं की त्या स्थिरावतात, थर धरतात.

त्यानंतर कोलॅजेनची, म्हणजे कातडीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांची वीण सुरू होते. लोह आणि क जीवनसत्त्व मिळून त्याच्या तिपेडी धाग्याला घट्टपणा देतात. तांब्यावर चालणारं एन्झाइम धाग्याला धागा सांधतं. जस्तावर चालणारी एन्झाइमं जुने, चुकलेले धागे कापून काढतात. व्रण कसा राहील हे या विणण्या-कापण्याच्या तोलावर बरंच अवलंबून असतं. निरोगी कातडीत धागे टोपलीसारखे विणलेले असतात. व्रणात ते पऱ्हाटीच्या रचलेल्या काड्यांसारखे एकाच दिशेला पडतात. जखम ३ आठवड्यांहून जास्त उघडी राहिली, तर जाड, उंचावलेला व्रण उरण्याचा धोका वाढतो. चुन्यानं रुंद झालेल्या घावाचं हेच होऊ शकतं.

[दृश्य: चूल, ज्वारीची भाकर, भिजवलेली मटकी, संत्री.]

लोह, तांबं, जस्त हे क्षार पोटातून यायला हवेत. भारतीय शिफारशीनुसार जस्त पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम लागतं, बाईला १३.२. ज्वारी आणि डाळीत जस्त आहे, पण त्यांतलं फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं. मटकी, मूग भिजवून मोड आणले की फायटेट घटतं. अंडी, मटण यांतलं जस्त सहज अंगी लागतं. भाकर-वरणातलं लोह शोषलं जावं म्हणून त्याच जेवणात कच्चं लिंबू पिळा, आंबिया बहाराचं संत्रं खा. जस्ताच्या गोळ्या मनानं घेऊ नका. महिनोन्‌महिने जास्त मात्रा गेली की आतड्यात तांब्याचं शोषण अडतं, आणि धागे सांधायचं काम तांब्याकडेच असतं.

[दृश्य: नोव्हेंबर. कापसाचं वावर, वेचणी.]

३ आठवड्यांनी जखम वरून भरलेली दिसते, तेव्हा तिची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम २० टक्के असते. वर्षभरानंतरही ती ८० च्या आसपासच थांबते. आणि सोयाबीन निघालं की लगेच वेचणी लागते. वाळल्या बोंडाची टोकं त्याच बोटाला लागतात, भरलेली जखम पुन्हा उकलते. त्या बोटावर कापडी पट्टी बांधूनच वेचा, संध्याकाळी सोडून धुवा, ओली पट्टी रात्रभर ठेवू नका.