नव्वद हजार, एकरी की सगळी?

नमस्कार श्रोतेहो.

'चेरीची बाग' हे रशियन लेखक चेखवचं शेवटचं नाटक. 1904 साली ते मॉस्कोत रंगमंचावर आलं आणि त्याच वर्षी चेखव गेला. कर्जात बुडालेलं जमीनदार घराणं, लिलावाला निघालेली बाग. ती घेतो कोण? ज्याचे बाप-आजे त्याच घराण्याचे गुलाम होते, तो लोपाखिन. चेखवनं नाटकावर स्वच्छ लिहिलं होतं, चार अंकी विनोदी नाटक. दिग्दर्शक स्तानिस्लावस्की म्हणाला, छे, ही शोकांतिका. बसवलंही तसंच. आजची गोष्ट ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, लिहिणारा विनोदी म्हणत होता.

बीबीसीनं हे नाटक 1962 साली टीव्हीवर आणलं. पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट मालकीण, जॉन गिलगुड तिचा भाऊ आणि जुडी डेंच धाकटी लेक. पुढे 1981 साली रिचर्ड आयरनं बीबीसीसाठीच पुन्हा केलं. त्यात जुडी डेंच मालकीण झाली. आधी लेक, मग आई. आपल्या मालिकांत आई लेकीपेक्षा तरुण दिसते, पण ते असू दे.

हे 1981 चं नाटक आम्ही पाहिलं खानापूर तालुक्यात, माझ्या आजोळी. आबा म्हणजे माझे मामा, जुने इनामदार. वाडा आहे, पण पावसाळ्यात निम्म्या सोप्यात घमेली मांडलेली. टीव्ही बंद पडलेला. मोठा टीव्ही होता तो समोर तात्यांच्या घरी. तात्या म्हणजे आबांचं जुनं कूळ. बेळगावकडच्या श्रोत्यांना जास्त सांगायला नको. 1974 चा कर्नाटकचा कूळकायदा आला, तात्यांनी कुळांसाठीचा सात नंबरचा फॉर्म भरला, कसत होते ती जमीन त्यांच्या नावावर झाली. पुढे काही वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. मग एका लग्नात पंगतीला शेजारी बसले आणि सुरू झालं.

तर आबा तात्यांच्या सोफ्यावर, तात्या शेजारी. माझा भाचा लॅपटॉप टीव्हीला जोडून इंग्रजीचं मराठी करून सांगत होता. पहिल्या अंकात मालकिणीचा भाऊ शंभर वर्षांच्या कपाटापुढे उभा राहतो आणि त्याचा जाहीर सत्कार केल्यासारखं भाषण ठोकतो. आबा खो खो हसले. "काय येडं माणूस हाय बघ! कपाटाशी बोलूलालंय!"

मामी दारातनं म्हणाल्या, "आणि खंडाच्या वहीला हळद-कुंकू कोण लावतंय?"

खरं होतं ते. खंडेनवमीला आबा तलवारीशेजारी खंडाची, म्हणजे कुळांनी घातलेल्या धान्याची वही मांडतात. लाल कापडी बांधणी, कडा उंदरांनी खाल्लेल्या. कुणी किती पोती भात घातलं ते मोडीत लिहिलेलं. 1974 नंतर त्यात एक ओळ पडलेली नाही, पण कुंकवाचे थर चढतायत. आबा गप्प झाले. तेव्हा तात्याच म्हणाले, "लावू द्या की वहिनी. माझ्या बापाचं नाव हाय तीत." आणि दोघंही हसायला लागले.

मग लिलाव. लोपाखिन येऊन सांगतो, बाग मी घेतली, कर्जाच्या वर नव्वद हजार. या जागी भले भले समीक्षक हळवे होतात. आबा पुढे सरकले. "नव्वद हजार? एकरी की सगळी?"

"सगळी, आजोबा."

तात्या म्हणाले, "वर कर्ज बी हाय न्हवं? म्हागच पडली."

तात्यांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मालक अजून घरात आहेत आणि तिकडे झाडांवर कुऱ्हाड चालते, त्याचा. "अरे, फळतं झाड हाय!" भाचा म्हणाला, तात्या, ती चेरी दोन वर्षांतनं एकदा येते, गिऱ्हाईक नाही. पूर्वी वाळवून गाड्या भरून मॉस्कोला जायची, पण वाळवायची कृती आता कुणाला येत नाही. तात्यांनी क्षणभर विचार केला. "मग तोडू दे. काजू लावायला सांग त्याला."

श्रोतेहो, हे नाटक विनोदी कसं, यावर पुस्तकंच्या पुस्तकं निघाली आहेत. मला वाटतं, इनामदार आणि कूळ एका सोफ्यावर बसले की ते आपोआप विनोदी होतं. टीव्हीचा फायदा तोच. थिएटरात आबा पहिल्या रांगेत बसले असते आणि तात्या आलेच नसते. तसं नाटकाचं वेड आपल्या मातीतलंच. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' केलं म्हणून सगळे त्यांना पुण्याचे समजतात.

शेवटी सगळे निघून जातात आणि फिर्स हा म्हातारा नोकर बंद घरात विसरला जातो. आबा चिडले. "कुलूप घालताना माणसं मोजायची न्हाईत?"

"ते काम दिवाणजीचं," तात्या म्हणाले. "तुमच्यात बी तसंच हुतं."

यावर दोघांचा जो वाद जुंपला तो जेवणं होईपर्यंत चालला, आणि त्यात चेखव कुठेच नव्हता. माझी वेळ संपली. नमस्कार.