मदतीचा हात केव्हा काढायचा

(दृश्य: शर्टाचं बटण. दोन लहान हात, वर एक मोठा हात.)

हे बटण लावायला बाईंना दोन सेकंद पुरले असते. पण त्यांनी ते काजात अर्धंच सरकवलंय आणि हात काढून घेतलाय. उरलेलं अर्धं मुलानं ओढायचंय. विशेष शिक्षणात शेवटची पायरी आधी शिकवण्याची पद्धत आहे. काम पुरं केल्याचा आनंद त्यामुळे मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी, मग तिच्या आधीची.

मदतसुद्धा अशीच उतरत जाते. आधी हातावर हात, मग मनगटाला आधार, मग कोपराला नुसता स्पर्श, मग खूण, आणि शेवटी काहीच नाही. ही शेवटची पायरी शिक्षकालाच जड जाते. घंटा व्हायला आलेली असते, बाकीची मुलं खोळंबलेली असतात, आणि बटण पटकन लावून दिलं तर कुणी जाब विचारणार नसतं. पण रोज तसं झालं, तर मूल वाट बघत बसायला शिकतं.

(दृश्य: टेबलावर उघडी वही.)

नोंद हा या कामाचा कणा. ‘आज खूप चिडला’ असं लिहिलं, तर दोष मुलाच्या माथी जातो. ‘खुर्च्या सरकवल्याचा आवाज झाला, त्यानं कान झाकले, टेबलाखाली गेला’ असं लिहिलं, की काय बदलायचं ते कळतं. खुर्च्यांच्या पायांना रबर लावायचं.

प्रत्येक दिव्यांग मुलासाठी लेखी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा अमेरिकेत १९७५च्या कायद्यानं बंधनकारक झाला. आज अनेक देशांत असे आराखडे होतात. त्यात ‘संवाद सुधारेल’ एवढंच लिहून भागत नाही. ‘तहान लागली की कुणी न सांगता पाण्याच्या चित्रावर बोट ठेवेल, पाचपैकी चार वेळा’, असं लिहावं लागतं. वर्ष संपताना ते जमलं नसेल, तर पालकांना तसं स्पष्ट सांगायचं. आणि ‘मुलाला जमत नाही’ म्हणण्याआधी आपण शिकवलं कसं, ते तपासायचं.

काही गोष्टी वहीत येत नाहीत. व्हीलचेअरला हात लावण्याआधी विचारणं. कपडे बदलताना दार लावणं. मूल समोर असताना त्याच्याविषयी ते तिथं नसल्यासारखं न बोलणं. पालकांनी विश्वासानं सांगितलेलं घरातलं दुखणं शिक्षकांच्या खोलीत न नेणं. चौदा वर्षांची मुलगी अक्षरं आत्ता शिकत असेल, तरी तिच्या हाती बालवाडीचं पुस्तक न देणं. वाचन सोपं हवं, पण विषय तिच्या वयाचा हवा.

‘केवढा संयम तुमच्याकडे!’ असं लोक या शिक्षकांना मनापासून म्हणतात. मला मात्र ते अपुरं वाटतं. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क कराराच्या २४व्या कलमानं शिक्षण हा या मुलांचा हक्क मानलाय. तेव्हा नीट शिकवलं जाणं हे मुलाचं येणं आहे. ते कुणाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही.

(दृश्य: दोन शिक्षक समोरासमोर, मध्ये वही.)

पुढच्या वर्षी हा मुलगा सर्वसाधारण वर्गात बसणार आहे. तिथल्या सरांसाठी बाईंनी वहीत लिहिलंय: वेळापत्रक बदलणार असेल, तर सकाळीच सांगा. सूचना एका वेळी एकच द्या. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद थांबा, तो उत्तर देतो. मदतनीस शेजारी बसवू नका, मागच्या बाकावर बसवा.