चौकोनांचे डॉक्टर

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ब्राउझरबद्दल. ब्राउझर म्हणजे काय ते सांगत बसत नाही. निकाल, सातबारा, बाजारभाव ज्यातून उघडता ते. घरातलं शाळकरी पोरगंही सांगेल. मला एवढंच सांगायचंय की नवा ब्राउझर वापरून बघा, पण जुना काढू नका. रेडिओवर मागं जाऊन ऐकता येत नाही, म्हणून परत सांगतो: नवा आणा, जुना काढू नका.

ही अक्कल मला माझ्या मामांमुळं आली.

मामांचं गाव उदगीरच्या पुढं, देवणीच्या वाटेवर. देवणी म्हणजे तीच, बैलांची. गावात पेपर यायचा एसटीनं, अकरा वाजता, आणि एसटी चुकली तर दुसऱ्या दिवशी. २०११ साली मामांनी नेटवाला बटणाचा फोन घेतला. हौस एकच, सकाळी चहाबरोबर पेपर वाचायचा. पेपरचं पान उघडलं, तर सगळे चौकोन. मथळ्यात मोठे चौकोन, बातमीत बारके चौकोन. अक्षर एक नाही.

मामांनी मला फोन लावला. "बापू, दहाच्या प्याकमधी चौकोनच येत असतेल. पंचवीसचं मारलं तर अक्षरं येतेल का?"

मी हसलो. तेव्हा मी औरंगाबादला शिकत होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. मामांनी पंचवीसचं मारलं. आले चौकोनच, जरा भराभर आले इतकंच.

पुढच्या बाजाराला मामा उदगीरला गेले. स्टँडसमोरच्या मोबाइलच्या टपरीत एक पोरगं होतं, मिसरूडसुद्धा फुटलेलं नव्हतं. त्यानं फोनमध्ये ओपेरा मिनी नावाचा ब्राउझर टाकला. पेपर उघडला. चौकोनच. मामा उठले, तर पोरगं म्हणालं, "थांबा की काका." पत्ता लिहायच्या जागी त्यानं इंग्रजीत ओपेरा लिहिलं, पुढं वर एक खाली एक अशी दोन टिंबं दिली, मग कॉन्फिग. एक यादी उघडली, सगळी इंग्रजी. त्यात एक ओळ होती, अवघड लिपीसाठी अक्षरांची चित्रं वापरू का, अशा अर्थाची. तिथं 'नो' होतं, ते त्यानं 'येस' केलं. पान परत उघडलं, आणि श्रोतेहो, मराठी! काना, मात्रा, जोडाक्षरं, सगळं जागच्या जागी.

झालं होतं काय, तर त्या फोनला देवनागरी येतच नव्हती. ओपेरा मिनी हा नॉर्वेतल्या कंपनीचा ब्राउझर, २००६ साली जगभर आलेला. त्याची रीत अशी की पान सरळ फोनवर येत नाही. आधी ते कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या मोठ्या कॉम्प्युटरवर जातं, तिथं दाबून लहान होतं आणि मग आपल्याकडं येतं. ते 'येस' केलं की सर्व्हर मराठी शब्दांची चित्रंच काढून पाठवायचा. फोनला मराठी यायची गरज नाही, चित्र दाखवता आलं की बास. फक्त चित्र जड असतं, अक्षरापेक्षा डेटा जास्त खातं. म्हणजे मराठीला प्याक मोठा लागतो हे मामांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. हे मला कळायला पुढं दोन वर्षं गेली.

त्या पोरानं सगळं एका चिठ्ठीवर लिहून दिलं. मामांनी ती चिठ्ठी चंचीत ठेवली, सुपारीच्या कप्प्यात. आणि गावात डॉक्टरकी सुरू केली! सकाळी मारुतीच्या पारावर माणसं फोन घेऊन बसायची.

"काय दिसलालंय?"

"चौकोन."

"कव्हापासून?"

"घेतल्यापासून."

मग मामा चष्मा चढवायचे, चिठ्ठी काढायचे. फी म्हणून तंबाखूची चिमूट. पेपर घेऊन एसटी यायच्या आत लातूरच्या मोंढ्याची बातमी पारावर वाचून व्हायची, सोयाबीन काय भावानं गेलं ते. आता विषय निघालाच म्हणून सांगतो, सोयाबीन आलं आणि आपल्याकडचा हुरडा गेला. पूर्वी पाहुण्याला हुरड्याला या म्हणायचे, आता हुरड्याला शहरातली माणसं तिकीट काढून जातात. असो.

खरी गंमत पुढं आहे. २०१७ ला मामांच्या हाती टचचा फोन आला. त्यात मराठी आधीच होती. चौकोनांचा रोग गेला, औषध मात्र सुटेना. मामा ओपेरा मिनी सोडायला तयार नाहीत. मी म्हटलं, "मामा, क्रोम वापरून तर बघा." तर म्हणाले, "त्यात चौकोन येतेत." उघडायच्या आधीच!

गेल्या दिवाळीत मी हट्टच धरला. क्रोम त्यांच्यासमोर ठेवला. मामांनी चष्मा चढवला आणि पत्त्याच्या जागी काय लिहिलं असेल? ओपेरा, दोन टिंबं, कॉन्फिग. क्रोमनं बिचाऱ्यानं ते शोधायला घेतलं आणि भलतीसलतीच पानं काढून दिली. मामा म्हणाले, "ह्येला कॉन्फिगच न्हाई. उद्या आजारी पडलं तर दाखवावं कुठं?"

बोलता बोलता वेळ निम्म्याहून जास्त गेला. आता कामाचं भराभर सांगतो.

दुकानात तेलाचे डबे दहा दिसतात, पण आत सोयाबीनचंच तेल. ब्राउझरचं तसंच आहे. क्रोम २००८ चा. एज, ब्रेव्ह, विवाल्डी, आजचा ओपेरा, या सगळ्यांच्या आत क्रोमचंच इंजिन, ब्लिंक. इंजिन म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा आतला भाग. भारतीय ब्राउझर बनवायची सरकारी स्पर्धा झाली, २०२५ मध्ये झोहो कंपनीनं एक कोटीचं पहिलं बक्षीस घेतलं. त्यांच्या उला ब्राउझरमध्येही तेल हेच. फायरफॉक्सचं वेगळं आहे, गेको. ॲपलच्या सफारीचं वेबकिट. आणि आपल्याकडच्या आयफोनवर कुठलाही ब्राउझर टाका, आत वेबकिटच. हे कशाला सांगतोय? एखाद्या अर्जाचं बटण दबत नसेल, तर त्याच तेलाचा दुसरा डबा आणून फारसा उपयोग नाही. तेल बदला. म्हणून दोन ठेवायचे तर एक क्रोमच्या घरातला आणि एक फायरफॉक्स. एक या घरचा, एक त्या घरचा. अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा छोटा भाग, तोही बसतो. हल्ली पेपरच्या पानावर बातमी बोटभर आणि जाहिरात गावभर असते, त्याला उतारा आहे तो.

नवा ब्राउझर प्ले स्टोअरवरून नाहीतर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. व्हॉट्सॲपवर कुणी फाइल पाठवली तर ती नको. उघडल्याबरोबर तो विचारेल, मला मुख्य ब्राउझर करता का. पंधरा दिवस नाही म्हणा. कॉम्प्युटरवर जुन्यातले पासवर्ड आणू का म्हणेल. तेही पंधरा दिवस नाही. नवीन सुनेच्या हातात पहिल्या दिवशी तिजोरीची किल्ली देत नाहीत, असं पूर्वी म्हणायचे. माझ्या बायकोला हे वाक्य आवडत नाही, आणि तिचं बरोबर आहे. पण पासवर्डाच्या बाबतीत पाळा. आणि ओपेरा मिनीसारखा जो ब्राउझर पान वाटेत स्वतःच्या सर्व्हरवर दाबून आणतो, त्यातून बँक उघडू नका. पेपर वाचा, भाव बघा. बँक नको.

मामांकडं आता तीन आहेत. एक पेपरचा, एक भावाचा, एक बँकेचा. कुठला कशाचा ते नव्या चिठ्ठीवर लिहिलंय. परवा चंची उघडली तेव्हा सुपारीच्या कप्प्यात जुनी चिठ्ठीही दिसली, घडीवर फाटलेली. म्हटलं, "मामा, ही आता कशाला?"

"चौकोन काय सांगून येतेत का?" म्हणाले, आणि चंचीचा बंद ओढला.

नमस्कार.