बटण दाबण्याआधी

(दृश्य: अंधारलेली खोली. रेडिओचा उजळलेला डायल. स्पीकरमधून नुसती खरखर.)

परवाना हातात आलाय. कॉलसाइन, म्हणजे हवेतली आपली ओळख, मिळालंय. अँटेना वर चढलीय. आणि तरीही अंगठा माइकच्या बटणावर जाऊन थबकलाय. बोलायचं काय? कुणाशी? सुरुवात तरी कशी करायची?

हौशी रेडिओवर पहिल्यांदा बोलताना बहुतेकांचं असंच होतं. अशा वेळी माइक खाली ठेवावा आणि ऐकावं. पाच-दहा मिनिटं नव्हे, चांगल्या चार-पाच संध्याकाळी. कोण कसं बोलावतं, दुसरा कधी उत्तर देतो, निरोप कसा घेतात, हे कानावर पडत राहिलं की जीभ आपोआप वळते.

(दृश्य: माइकचं बटण, अगदी जवळून. त्यावर टेकलेला अंगठा.)

हे बटण म्हणजे पीटीटी, पुश टू टॉक. फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात, ऐकू शकतात. इथे तसं नाही. बटण दाबलं की आपला रेडिओ बोलतो, आणि त्याच क्षणी बहिरा होतो. मधेच कुणी मदत मागितली, आपला आवाज फाटला, आपल्यावरच दुसरं कुणी बोलायला लागलं, तरी आपल्याला पत्ता लागत नाही. इथल्या बऱ्याचशा रीती या बहिरेपणातूनच आल्या आहेत.

रिपीटरचं उदाहरण घ्या. उंच जागेवरचं हे केंद्र एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि तेच बोलणं त्याच वेळी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरून लांबवर पोहोचवतं. 2 मीटर बँडवर (साधारण 2 मीटर लांबीच्या लहरींचा पट्टा) या दोन्हींत बहुधा 600 किलोहर्ट्झचं अंतर असतं. रिपीटरला जागं व्हायला क्षणभर लागतो. नवखा माणूस बटण दाबता दाबताच बोलायला लागतो, आणि त्याच्या कॉलसाइनची पहिली दोन अक्षरं हवेत जातच नाहीत. दाबा, एक छोटा श्वास घ्या, मग बोला. शेवटचा शब्द पुरता संपल्यावरच अंगठा उचला.

समोरच्याचं बोलणं संपलं, तरी लगेच बटणाकडे धावू नका. दोनेक सेकंद जाऊ द्या. त्या फटीत कुणाला तरी तातडीचं सांगायचं असेल. कुणाला गप्पांत यायचं असेल, तो तिथेच आपलं कॉलसाइन देईल. एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो. गिळला गेलेला माणूस मात्र शेवटपर्यंत बोलत राहतो, कुणीतरी ऐकतंय या भरवशावर. म्हणून मला ही दोन सेकंदं फार मोलाची वाटतात.

(दृश्य: फ्रिक्वेन्सीचे आकडे सरकतायत. एचएफ बँड.)

एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या लघुलहरींवर, ऐकण्याचा कस आणखी लागतो. डायल फिरवत एका शांत जागी आलात. शांत आहे, म्हणजे मोकळी आहे? नाही. रेडिओलहरी आकाशातल्या आयनोस्फिअर या विद्युतभारित थरावर वळून लांब कुठेतरी उतरतात, आणि मधल्या पट्ट्यात काहीच ऐकू येत नाही. तिथे दोघं बोलत असतील आणि तुम्हाला त्यांच्यातला एकच ऐकू येईल, तोही गप्प बसून समोरच्याचं ऐकत असेल. म्हणून आधी विचारायचं, "ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?" आपलं कॉलसाइन द्यायचं, थांबायचं, पुन्हा एकदा विचारायचं. उत्तर आलं, तर आभार मानून बाजूला व्हायचं. एसएसबीवरचा (एचएफवर बोलायला वापरतात ती पद्धत) आवाज जवळजवळ 3 किलोहर्ट्झ जागा घेतो, तेव्हा शेजाऱ्यापासून निदान तेवढं तरी लांब. अँटेना ट्यून करताना सोडलेली शिट्टीही कुणाच्या तरी संभाषणावर पडू शकते, हेही लक्षात असू द्या.

जागा मोकळी निघाली, की हाक. तीनदा सीक्यू, म्हणजे 'कुणीही उत्तर द्या', दोनदा कॉलसाइन, आणि अंगठा वर. मिनिटभर सीक्यू, सीक्यू करत राहिलात तर उत्तर देऊ पाहणारा कंटाळून पुढे जातो.

कॉलसाइन मात्र अक्षर फोडून सांगायचं. खरखरीत बी, डी, ई, पी, टी सगळी सारखीच ऐकू येतात. ब्राव्हो, डेल्टा, एको, पापा, टँगो म्हटलं की घोटाळा उरत नाही. विमानवाहतुकीत 1956पासून चालत आलेली हीच शब्दमाला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवालेही, वापरतात. मनाचे शब्द जोडू नका. समोरच्या माणसाची भाषा वेगळी असू शकते, हे शब्द मात्र त्याच्या ओळखीचे असतात.

आवाज नेहमीचाच ठेवा. माइक तोंडापासून दोन-तीन बोटं लांब, किंचित तिरका. ओरडल्याने सिग्नल लांब जात नाही. एफएमवर आवाज फाटतो, आणि एसएसबीवर तुमचा आवाज शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतो.

मग येतो सिग्नल रिपोर्ट. पहिला आकडा स्पष्टतेचा, 1 ते 5. दुसरा जोराचा, 1 ते 9. स्पर्धांमध्ये सरसकट फाइव्ह नाइन देतात, तिथे तो रिवाजच आहे. पण साध्या गप्पांत खरं सांगा. समोरच्याने कदाचित आजच नवी अँटेना बांधलेली असते, आणि ती कशी चाललीय हे त्याला तुमच्याच तोंडून कळणार असतं.

क्यूटीएच (ठिकाण), क्यूआरएम (इतरांच्या सिग्नलचा अडथळा) यांसारखे संकेत तारयंत्राच्या काळातले. ते ओळखता यायला हवेत, पण "मी अमुक ठिकाणाहून बोलतोय" म्हणणंही तितकंच चांगलं. निरोपाला सेव्हन्टी थ्री म्हणतात. त्यातच सगळ्या शुभेच्छा आल्या, त्याला पुढे अनेकवचनाचा 'ज' जोडू नका.

आणि कधी संकटातल्या माणसाची हाक ऐकू आली, तर हातातलं बोलणं तिथेच थांबवायचं. वेळ, फ्रिक्वेन्सी, ठिकाण, जे कानावर पडेल ते लिहून घ्यायचं. दुसरं कुणी उत्तर देत असेल तर मधे पडायचं नाही, पण जागा सोडून जायचंही नाही. कदाचित त्याला जे ऐकू येत नाहीये, ते तुम्हालाच ऐकू येईल.

(दृश्य: पुन्हा तीच खोली. वही, पेन्सिल, घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, लावलेलं.)

अंगठा दाबला जातो. एक श्वास. सीक्यू, सीक्यू, सीक्यू. कॉलसाइन, अक्षर अक्षर करून. अंगठा सुटतो.

खरखर.

आणि त्या खरखरीतून, खूप बारीक, आपलंच कॉलसाइन परत येतं. पेन्सिल वहीवर वेळ टिपते. सिग्नलचा जोर दाखवणारा काटा जेमतेम तीनपर्यंत जातोय, शब्द तुटतायत.

"तुमचा रिपोर्ट थ्री थ्री. नाव नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगाल का?"