थॅनॉसने संसाधनं दुप्पट का केली नाहीत?

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, आज मी शेवट फोडणार आहे, एक नाही, चांगले चार-पाच. ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ २०१८ साली आला. अजून पाहिला नसेल तर कान झाकायची जबाबदारी तुमची.

सुपरहीरोपटांवर वाद सुरू झाला की थोड्याच वेळात कुणीतरी हा प्रश्न टाकतोच. चित्रपटाचा खलनायक थॅनॉस म्हणतो, जीव जास्त आणि संसाधनं कमी, म्हणून तो निम्मे जीव संपवतो. त्याच्याकडे सहाही स्टोन, म्हणजे अफाट शक्तीचे खडे, होते. काळ, अवकाश, वास्तव, सगळं मुठीत. मग निम्मी सृष्टी मारत बसण्यापेक्षा त्याने अन्नपाणी दुप्पट का केलं नाही? प्रश्न विचारणारा मग असा काही हसतो, की चित्रपटाचा निकालच लागला.

आक्षेप खोटा नाही. किंबहुना तो वाटतो त्याहून जड आहे. चित्रपट आला त्या वर्षी पृथ्वीची लोकसंख्या साधारण ७६० कोटी होती. निम्मी म्हणजे ३८० कोटी. एवढी माणसं पृथ्वीवर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला होती. म्हणजे विश्वातली सर्वात मोठी कत्तल करून थॅनॉसने पृथ्वीला मिळवून काय दिलं, तर पन्नास वर्षांपेक्षाही कमी मुदत. बरं, पुन्हा तीच वेळ आली की काय करणार, तर हा गडी स्टोन नष्ट करून मोकळा! माणसं वाढतात आणि अन्न त्या वेगाने वाढत नाही, हा हिशोब इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसने १७९८ साली मांडला होता. त्यावर नंतर जे आक्षेप आले, त्यांतला एकही थॅनॉसच्या कानावर गेलेला दिसत नाही.

यावरून लोक निष्कर्ष काढतात की लेखकांना गणित येत नाही. मला वाटतं, गणित थॅनॉसला येत नाही आणि लेखकांना ते माहीत आहे. त्याची गोष्ट आठवा. टायटन हा त्याचा ग्रह. तिथे माणसं जास्त आणि खायला कमी, म्हणून यानं तोडगा सुचवला: निम्म्यांना मारा, गरीब-श्रीमंत न पाहता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं. लोकांनी त्याला वेडा ठरवलं. ग्रह उजाड झाला. आता ज्याचं आयुष्य ‘मी सांगत होतो, तुम्ही ऐकलं नाहीत’ या एका वाक्यावर उभं आहे, त्याला संसाधनं दुप्पट करून कसं चालेल? ती दुप्पट केली आणि सगळे सुखी झाले, तर टायटनवर त्याला वेडा म्हणणारे बरोबर ठरतात. मारण्यावाचूनही मार्ग होता हे सिद्ध होतं. त्याला विश्व वाचवायचं नाहीये, त्याला जुना वाद जिंकायचाय.

याचा पुरावा पुढच्या वर्षीच्या ‘एंडगेम’मध्ये आहे. तिथे २०१४ मधला थॅनॉस भविष्य पाहतो आणि त्याला कळतं की वाचलेले लोक आभार मानत नाहीयेत, गेलेल्यांना परत आणायला धडपडताहेत. त्यावर त्याचा निर्णय काय? निम्मं वगैरे विसरा, सगळं विश्वच कणाकणाने मोडायचं आणि नवं घडवायचं. कुणाला काय गमावलं ते आठवणार नाही, आणि सगळे कृतज्ञ राहतील. अरे, नवं विश्व घडवता येतं तर त्यात हवं तेवढं धान्य घाल की! पण अन्नाचा विषय त्याच्या तोंडी आता येतच नाही. काही जण म्हणतात, हा थॅनॉस वेगळा, याने अजून आपल्या मानलेल्या मुलीला, गमोराला, गमावलेलं नाही, त्याच्यात तो थकवा नाही. मान्य. पण माणूस तोच आहे, चार वर्षं आधीचा, आणि त्याची भूक तर आणखीच उघडी पडली आहे. १९९१च्या ‘इन्फिनिटी गाँटलेट’ या कॉमिक्समध्ये हाच थॅनॉस साक्षात मृत्यूच्या प्रेमात असतो आणि तिला खूश करायला निम्मी सृष्टी मारतो. चित्रपटाने प्रेयसी काढली आणि तिच्या जागी अर्थशास्त्र बसवलं. खालचं वेड मात्र राहू दिलं.

म्हणून वाद घालताना मी एक सवय लावून घेतली आहे. खलनायक भाषणात काय सांगतो त्याकडे थोडं कमी लक्ष द्यायचं आणि त्याच्यासमोर असलेला कोणता पर्याय त्याने नाकारला, तो शोधायचा. ‘डार्क नाइट’ या बॅटमनपटातला जोकर पैशांच्या राशीला काडी लावतो, तेव्हा लुटीचा हेतू तिथल्या तिथे जळून जातो. तोंडाच्या व्रणांची कहाणी तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी. त्यामुळे ‘लहानपणी असं झालं म्हणून’ हा रस्ताही बंद. काही जणांना याचा राग येतो, म्हणतात हा आळस आहे. मला नाही वाटत. उलट ‘माझ्याकडे योजना नसते’ असं म्हणणाऱ्या माणसाची बँकलूट स्कूलबसच्या रांगेत मिनिटाच्या हिशोबाने कशी बसते, हा प्रश्न जास्त गमतीचा आहे. जोकर खोटं बोलतो, इतकंच त्याचं उत्तर.

झेमोकडे मात्र थोडं थांबू. ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ (२०१६) या चित्रपटाचा हा खलनायक. सोकोव्हिया या देशात अ‍ॅव्हेंजर्सच्या, म्हणजे सुपरहीरोंच्या टोळीच्या, लढाईत याचे वडील, बायको, मुलगा गेले. चित्रपटभर आपल्याला वाटत राहतं की हा सायबेरियात गोठवून ठेवलेले पाच विंटर सोल्जर, म्हणजे अतिमानवी सैनिक, उठवणार आणि शेवटी त्यांच्याशी दणकून मारामारी होणार. आपण तिथे पोचतो, तर पाचही जण झोपेतच गोळ्या घालून मारलेले. माझ्या मते या सबंध मालिकेतला तो सर्वात हुशार कथानिर्णय आहे. सैन्य हाताशी असताना त्याने ते नाकारलं, आणि त्या नकारातून तो कोण आहे हे कळतं. अतिमानवांनी त्याचं घर उद्ध्वस्त केलं. तो आणखी पाच कशाला उठवेल? त्याला हवी होती १६ डिसेंबर १९९१ची एक चित्रफीत, आयर्न मॅन म्हणजेच टोनी स्टार्कच्या आईवडिलांच्या खुनाची, अ‍ॅव्हेंजर्सना आपसात झुंजवायला.

‘पण टोनी नेमका त्याच वेळी तिथे येईल हे झेमोला कसं कळलं?’ हा ठरलेला प्रश्न. थोडं कळलं होतं. ज्या मानसोपचारतज्ज्ञाला मारून त्याचं सोंग घेतलं, त्याचं प्रेत योग्य वेळी सापडावं म्हणून तो हॉटेलच्या बाईंकडून रोज नाश्ता मागवत असतो. बाकीचं नशीब, आणि हे नशीब जरा जास्तच खेचलंय हे कबूल करायला हवं. पण त्याच चित्रपटात झेमोला दिलेलं उत्तर पाहा. ज्याच्या बापाला झेमोनेच मारलं, तो टीचाला, म्हणजे वकांडा या आफ्रिकी राज्याचा ब्लॅक पँथर, त्याच्यासमोर उभा आहे. दोघांचं दुःख एका मापाचं, आणि टीचालाच्या हातात नखं आहेत. तो मारत नाही. झेमो स्वतःवर गोळी झाडायला जातो, तर तीही अडवतो. इथे खलनायकाला ठोसा मारून हरवलेलं नाही, त्याच्यासारख्याच माणसाने वेगळं वागून हरवलेलं आहे.

आता ‘इन्फिनिटी वॉर’मधला एक नायक, स्टार-लॉर्ड. याच्यावर जेवढा राग निघाला तेवढा खुद्द थॅनॉसवर निघाला नाही. टायटनवर साथीदार मॅंटिसने थॅनॉसला गुंगवलंय, गाँटलेट, म्हणजे स्टोन बसवलेला हातमोजा, निघतच आलाय, आणि हा महाभाग आपली प्रेयसी गमोरा मेली हे ऐकून त्याला ठोसे मारतो. सगळं मुसळ केरात! मूर्खपणा आहेच. पण पात्राची चूक आणि लेखकाची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या फार सहज एकत्र करतो. शिवाय याच माणसाने आधी, गमोराला दिलेल्या शब्दासाठी, तिच्यावर पिस्तुलाचा चाप ओढलेला असतो हे आपण विसरतो. गोळीऐवजी बुडबुडे निघाले ही थॅनॉसची करामत. ज्याने एकदा एवढं केलं, तो दुसऱ्यांदा कोसळला, तर मला ते पटतं.

आणि तो एकटा नाही. भावाला वाचवायला लोकी स्टोन देतो. बहिणीचा छळ बघवत नाही म्हणून गमोरा स्टोनचा पत्ता सांगते. टोनीसाठी डॉक्टर स्ट्रेंज काळाचा स्टोन देऊन टाकतो. कपाळात स्टोन असलेल्या व्हिजनला मारायला त्याची प्रेयसी वांडा शेवटच्या क्षणापर्यंत धजत नाही. एकाच चित्रपटात एवढे जण एकाच जागी घसरतात, तेव्हा तो योगायोग राहत नाही. आम्ही जिवांचा सौदा करत नाही, असं स्टीव्ह, म्हणजे कॅप्टन अमेरिका, व्हिजनला सांगतो. सौदा करणारा एकच आहे, आणि तोच जिंकतो. व्हॉर्मियर ग्रहावर एका स्टोनसाठी थॅनॉस मुलीला, गमोराला, कड्यावरून फेकतो आणि रडतो. रडतो म्हणून काही प्रेक्षक त्याला माफही करून टाकतात, हे मला आजवर कळलेलं नाही. ‘एंडगेम’मध्ये त्याच कड्यावर अ‍ॅव्हेंजर्समधली नताशा स्वतः उडी घेते, आणि शेवटी टोनी स्वतःचा जीव देतो. दुसऱ्याचा जीव देणं आणि आपला देणं, एवढाच फरक. थॅनॉसला दिलेलं उत्तर त्यात आहे. अन्नधान्याच्या गणिताला मात्र दोन्ही चित्रपटांत कुणीही नीट उत्तर देत नाही. गमोरा फक्त ‘तुला हे माहीत नाही’ एवढं ओरडते.

एक तक्रार आहे. स्ट्रेंजने १,४०,००,६०५ भविष्यं पाहिली आणि एकातच आपण जिंकतो, हा आकडा लेखकांनी फार सोयीचा करून ठेवलाय. कुठलीही ढिली जागा दाखवा, ‘तसंच व्हायला हवं होतं’ म्हणून मोकळे. यावर वादच करता येत नाही.

राहिला ‘ब्लॅक पँथर’चा खलनायक किलमाँगर. त्या चित्रपटावर इथेही दोन तट असतील याची मला खात्री आहे. वकांडाकडे एवढं सामर्थ्य असताना जगभरचे कृष्णवर्णीय भरडले जात होते आणि तुम्ही लपून राहिलात, हा त्याचा आरोप बिनतोड. मग, आक्षेप असा, की प्रेक्षक फार त्याच्या बाजूने जाऊ नयेत म्हणून चित्रपट त्याच्याकडून क्रौर्य करवून घेतो. अर्धा आक्षेप मी मान्य करत नाही. त्याने राजाला शक्ती देणाऱ्या वनस्पतींची बाग जाळणं हे वरून चिकटवलेलं नाही. राजा बदलताना देश खिळखिळा कसा करायचा, याचंच प्रशिक्षण त्याला अमेरिकेने दिलं होतं. सीआयएचा रॉस ते स्पष्ट सांगतो. ज्यांचा त्याला राग आहे, त्यांच्याच पद्धतीने तो राज्य करू बघतो. पण आपल्या साथीदार मुलीला एका गोळीत संपवणं, बाग जाळू नका म्हणणाऱ्या म्हातारीचा गळा धरणं, हे मला शिक्क्यासारखं वाटतं. विसरू नका, हा खलनायक आहे बरं का.

टीचाला पूर्वजांना तोंडावर सांगतो की तुम्ही चुकलात. म्हणजे खलनायकाने नायकाचं मत बदललं, आणि हे या प्रकारच्या चित्रपटांत फार वेळा होत नाही. मरताना किलमाँगरला वाचवण्याची तयारी टीचाला दाखवतो. तो नाकारतो, कैदेपेक्षा समुद्र पत्करलेल्या पूर्वजांची आठवण काढून. मग टीचाला काय करतो? ओकलंडमधली ती इमारत विकत घेतो, जिथे त्याच्या वडिलांनी आपल्याच भावाला, म्हणजे किलमाँगरच्या बापाला, मारलं होतं, आणि तिथे मदतकेंद्र उघडतो. किलमाँगरने मागितली होती जगभर उठावासाठी शस्त्रं. त्याला हे उत्तर म्हणायचं की बोळवण? मी बोळवणीकडे झुकतो, कारण टीचालाच्या हातात याहून बरंच काही होतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आता हात वर करावेत, माईक तुमच्याकडे येतोय.