लॅपटॉप मंदावतो तेव्हा हुकूम कोणाचा असतो?

(लॅपटॉप-दुरुस्ती शिकणारे विद्यार्थी आणि दुकानदार यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

दुकानात लॅपटॉप येतो, तक्रार एका वाक्याची: ‘फार स्लो झालाय.’ आपलं उत्तरही ठरलेलं. फॉरमॅट मारू, एसएसडी टाकू, रॅम वाढवू. बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही. पण काही लॅपटॉप असे येतात की हे सगळं करून झालं तरी मशीन हलत नाही. टास्क मॅनेजर उघडावा तर प्रोसेसरचा वेग ०.३९ गिगाहर्ट्झ! खोक्यावर तर साडेतीन गिगाहर्ट्झ छापलेलं. आज बोलायचं आहे ते या लॅपटॉपबद्दल.

एक गोष्ट आधीच सांगतो. प्रोसेसर खराब झाला की सहसा मशीन चालूच होत नाही, नाहीतर मध्येच कोसळतं. तो इमानेइतबारे चालतोय, फक्त हळू चालतोय, याचा अर्थ कोणीतरी त्याला ‘हळू चाल’ म्हणून सांगितलंय. आपलं पहिलं काम म्हणजे हा हुकूम कोणी सोडला ते शोधणं. विंडोजने, बायोसने (विंडोजच्या आधी मशीन उठवणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामने) की बोर्डावरच्या एखाद्या तारेने? हे कळायच्या आत सेटिंगला हात लावला की खरं कारण झाकलं जातं आणि लॅपटॉप पंधरा दिवसांनी परत येतो.

मुळात वेग कमी का करायचा? प्रोसेसर काम करताना किती वीज खातो हे दोन गोष्टींवर ठरतं. वेग जितका, तितकी वीज. पण व्होल्टेजचा हिशेब वर्गाने चालतो, म्हणजे व्होल्टेज दुप्पट तर वीज चौपट. इंटेलने जानेवारी २००० मध्ये लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये स्पीडस्टेप नावाची वेग खालीवर करायची सोय आणली. चार्जर लावलेला असेल तर ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्ट, बॅटरीवर आला की ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट. करा गणित. वेग जेमतेम २३ टक्के उतरला, पण वीज जवळजवळ निम्म्यावर आली. आजचा सगळा कारभार याच हिशेबावर चालतो. फरक एवढाच, की तेव्हा दोन पायऱ्या होत्या. आता पायऱ्या मोजायची सोय राहिली नाही आणि प्रोसेसर सेकंदात कित्येकदा खालीवर करतो. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून तर हा निर्णय बराचसा चिपनेच स्वतःकडे घेतलाय. विंडोज फक्त कल सांगतं: बॅटरी वाचव, किंवा जोरात पळ.

आता हुकमांकडे येऊ. विंडोजचा हुकूम ओळखायला सर्वांत सोपा. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ बघा. तिथे १०० च्या जागी ९९ असेल तर टर्बो, म्हणजे गरज पडली की नेहमीपेक्षा जास्त वेग घ्यायची सोय, बंद. एका टक्क्याने काय होतंय असं वाटतं, पण त्या एका टक्क्यात दोन गिगाहर्ट्झ जाऊ शकतात. ‘लॅपटॉप गार ठेवायची युक्ती’ म्हणून कोणीतरी व्हिडिओ बघून हे केलेलं असतं आणि स्वतःच विसरलेलं असतं. युक्ती खोटी नाही, लॅपटॉप गार राहतोच. शिवाय पॉवरसीएफजी नावाची कमांड आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, एनर्जी हा पर्याय देऊन ती चालवा. साठ सेकंद ती मशीनवर नजर ठेवते आणि अहवाल काढून देते. विंडोजच्या बाजूने काही अडलं असेल तर बहुतेक वेळा तिथे दिसतं.

तिथे काही सापडलं नाही तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-प्रोसेसर-पॉवर या नावाखाली ३७ क्रमांकाची नोंद शोधा. तिचा मजकूर असा, की प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने, म्हणजे बायोसच्या बाजूने, मर्यादित केलाय आणि मागच्या नोंदीपासून तो इतके सेकंद तसाच आहे. बहुतेकदा आकडा ७१ सेकंदांचा दिसतो. ही नोंद दिसली की विंडोज पुन्हा टाकायचा विचार सोडा. विंडोज स्वतः सांगतंय की हे माझं काम नव्हे.

आता त्या ०.३९ कडे. हा आकडा नीट बघा. इंटेलच्या या प्रोसेसरांत मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं असतं, त्याला गुणक लागतो. सगळ्यात खालचा गुणक चार, काही ठिकाणी आठ. चार गुणिले शंभर म्हणजे चारशे, आणि घड्याळ किंचित मागे असलं की ०.३९. थोडक्यात, प्रोसेसर अगदी तळाला जाऊन बसलाय. विंडोज कितीही काटकसरीवर असलं तरी काम पडल्यावर त्याला तळाला असं खिळवून ठेवत नाही. हे काम प्रॉकहॉट नावाच्या एका पिनेचं.

नाव ‘प्रोसेसर हॉट’चं. प्रोसेसर तापला की त्याने या पिनेवरून बाहेर कळवायचं, हा मूळ उद्देश. पण ही पिन दोन्ही दिशांनी बोलते. बोर्डावरचा वीजपुरवठ्याचा भाग तापला, चार्जर ओळखता आला नाही, बॅटरी दम टाकायला लागली, तर बोर्डसुद्धा हीच पिन ओढून प्रोसेसरला थांबवू शकतो. प्रोसेसर कारण विचारत नाही. पिन ओढली की तो तळाला. म्हणून आधी तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम लावा. प्रोसेसर ४५ अंशांवर आहे आणि वेग ०.३९, तर प्रोसेसर तापलेला नाही, पिन बाहेरून ओढली जातेय. थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्राममधल्या लिमिट रीझन्सच्या खिडकीत तर वेग कशाने अडवला त्याचं नावच दिसतं. लाल असेल तर आत्ता चालू आहे, पिवळं असेल तर मघाशी येऊन गेलं.

गुन्हेगार बहुतेकदा चार्जर. काही कंपन्यांच्या गोल जॅकमध्ये मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. तिच्यातून वीज जात नाही, ओळख जाते. चार्जरमधली छोटी चिप बोर्डाला सांगते की मी ६५ वॅटचा, मी ९० चा. ती सुई वाकली, केबल जॅकपाशी आतून तुटली, किंवा लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेल्या चार्जरात ती चिपच नसली, तर बोर्डाला अ‍ॅडॅप्टर अनोळखी. मग तो बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरला तळाला पाठवतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘चार्जर चांगलाय, दिवा लागतो की!’ दिवा लागणारच. बायोसमध्ये जा, अ‍ॅडॅप्टरच्या ओळीत वॅट लिहिलेत की ‘अननोन’, ते वाचा. टाइप-सी असेल तर वेगळी गंमत: केबलमध्ये ओळखीची चिप नसेल तर ती तीन अँपिअरच्या, म्हणजे ६० वॅटच्या वर जात नाही, चार्जर शंभर वॅटचा असला तरी.

म्हणून क्रम असा ठेवा. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर बघा. मग दोन्ही काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, बोर्डातला उरलासुरला चार्ज जाऊ दे. मग खात्रीचा ओरिजिनल चार्जर लावून बघा. मग बॅटरी काढून. इथवर उलगडलं नाही तर बोर्डावरचे तापमान मोजणारे सेन्सर आणि त्यांच्या वाटा तपासा. तिथे मीटर आणि स्कीमॅटिक, म्हणजे बोर्डाचा सर्किटचा नकाशा, लागतं.

(मागून प्रश्न: थ्रॉटलस्टॉपमध्ये बीडी (दोन्ही दिशांच्या) प्रॉकहॉटची टिक काढली की वेग येतो, मग तीच का काढू नये?)

येतो ना, कारण मग बाहेरून ओढलेली पिन प्रोसेसर ऐकतच नाही. आणि तपासणीपुरती जरूर काढा: टिक काढली, वेग आला, म्हणजे हुकूम बाहेरचा हे पक्कं. पण तसंच गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका. तो सेन्सर खरं बोलत असेल तर? वीजपुरवठ्याचा भाग खरोखर तापत असेल, तर तुम्ही तक्रार करणाऱ्याचं तोंड बांधलंत. उद्या बोर्ड गेला की बिल तुमच्या नावावर. आणि व्होल्टेज कमी करायच्या जुन्या व्हिडिओंच्याही मागे लागू नका. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही व्होल्टेज कमी करून साधली जाणारी सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली, त्यानंतर बऱ्याच मशीनच्या बायोस अपडेटने ती वाट बंद केली.

खरी उष्णता असेल तर मात्र पंखा उघडा. आपल्याकडे एक हिशेब कायम विसरला जातो. प्रोसेसरची मर्यादा साधारण १०० अंश धरा. खोलीत २५ अंश असतील तर उष्णता बाहेर टाकायला ७५ अंशांचा फरक हाताशी आहे. मे महिन्यात नागपूर-जळगावला खोलीतच ४५ असेल, तर फरक उरला ५५. म्हणजे तोच पंखा, प्रोसेसरवरची तीच उष्णता वाहून नेणारी पेस्ट, आणि ताकद चौथा भाग कमी. एसीत बसून चाचणी घेतलेला लॅपटॉप तिकडे धापा टाकतो, त्यात मशीनचा दोष नाही. गिऱ्हाइकाला हे सांगा, उगाच पेस्ट बदलून पैसे लावू नका. तसंच, टेस्ट लावल्यावर पहिला अर्धा मिनिट वेग जोरात आणि मग खाली बसतो, हाही दोष नाही. थोडा वेळ जास्त वीज घ्यायची परवानगी असते, ती संपली.

लिनक्सवाले इथे किती आहेत? दोन-चार हात दिसतात. तुमच्यासाठी थोडकं. गव्हर्नर (वेग कसा ठेवायचा ते ठरवणारं सेटिंग) ‘पॉवरसेव्ह’ दिसला म्हणून घाबरू नका. इंटेल-पीस्टेट या ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे कामाप्रमाणे वेग बदलणारा. जुन्या एसीपीआय-सीपीयूफ्रेकमध्ये मात्र त्याच नावाचा अर्थ ‘तळाला बस’. तेव्हा आधी ड्रायव्हर कोणता ते बघा. आणि टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही वीज सांभाळणारी दोन्ही साधनं एकत्र चालवू नका, एकाने केलेलं दुसरा पुसतो.

बे ट्रेलची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०१३-१४ च्या सुमारास स्वस्त लॅपटॉपांत आलेले हे इंटेलचे प्रोसेसर, अ‍ॅटम आणि सेलेरॉन. लिनक्स टाकलं की मशीन अधूनमधून गोठायचं: माऊस हलत नाही, कीबोर्ड नाही, नुसतं चित्र. लोक रॅम बदलायचे, डिस्क बदलायचे. खूण वेगळीच होती. भरपूर काम चालू असताना ते टिकायचं आणि हलकं काम किंवा नुसतं ठेवलं की गोठायचं. कारण रिकामा वेळ मिळाला की प्रोसेसर झोपतो, आणि झोपेच्या पायऱ्या असतात. जितकी गाढ, तितकी वीज वाचते. हा गाढ झोपेतून धड उठत नव्हता. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) बूटच्या वेळी ‘पहिल्या पायरीच्या खाली जाऊ देऊ नकोस’ असं सांगितलं की गोठणं थांबायचं, आणि बॅटरी भराभरा उतरायची. नाइलाजाचा उपाय होता. पण ती खूण लक्षात ठेवा: कामात असताना ठीक आणि रिकामा असताना बिघाड, तर झोपेच्या पायऱ्यांवर संशय घ्यायचा.

(प्रश्न: झाकण मिटून बॅगेत ठेवला, तासाभराने काढला तर चटका बसतो. हे काय?)

तो झोपलाच नव्हता. पूर्वी झाकण मिटलं की रॅमपुरती वीज ठेवून बाकी सगळं बंद व्हायचं. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये ती पद्धतच काढून टाकलीय. मोबाइलसारखा डुलका घेत ते जागंच असतं, मेल घेतं, अपडेट शोधतं. एखादा ड्रायव्हर हट्टाला पेटला की बॅगेत प्रोसेसर चालूच राहतो, आणि तिथे हवा कुठून येणार? पॉवरसीएफजीला ‘ए’ पर्याय द्या, तुमच्या मशीनला कुठली झोप येते ते कळेल. मग ‘स्लीपस्टडी’ द्या, कोणी जागं ठेवलं त्याचं नाव मिळेल. बहुतेक वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. तो कंपनीच्या साइटवरून ताजा करा. तोवर बॅगेत टाकायच्या आधी हायबरनेट करत जा.